बास्केटबॉलमधील सूत्रधारीण

बास्केटबॉलच्या खेळात प्रत्येक बाजूस पाच खेळाडू असतात आणि त्यांपैकी एकीस पॉइंट गार्ड असे नाव असते. हे नाव मोठे फसवे आहे. गार्ड म्हणजे राखणदार, असा अर्थ घेऊन कोणी मैदानाकडे पाहू लागला, तर टोपलीखाली उभी राहून ती राखणारी खेळाडू त्याला भलतीच दिसेल. आणि ही पॉइंट गार्ड बहुधा टोपलीपासून सर्वांत दूर, चेंडू जमिनीवर आपटीत सावकाश पुढे येताना आढळेल. गुण तिच्याच हातून होतील असे नाही. परंतु कोणी कोठे उभे राहावे, चेंडू कोणाकडे व केव्हा जावा, खेळाला वेग द्यावा की त्याला थोपवून धरावे, हे सारे तीच ठरवते. आपल्या भाषेत तिला जवळचा शब्द एकच, सूत्रधार. आमच्या खोपटला एस. टी.चे स्थानक आहे. तेथील वाहतूक नियंत्रक स्वतः एकही गाडी हाकीत नाही. तरी कोणती गाडी कोठे लागावी आणि केव्हा सुटावी हे त्याच्यावाचून ठरत नाही. त्याला खुर्चीवरून उठवून धावत्या गाड्यांच्या मधोमध उभे केले, आणि वर एखादी गाडीही त्यानेच चालवावी असे सांगितले, म्हणजे पॉइंट गार्डच्या कामाची थोडीशी कल्पना यावी.

कॉलेजातील मुलींच्या खेळात अशी सूत्रधारीण थोर कशामुळे ठरते, याचा विचार आज करावयाचा आहे. त्यासाठी अमेरिकेस गेले पाहिजे, कारण हा खेळ तेथेच जन्मला आणि कॉलेजातील मुलींच्या सामन्यांना तेथे जेवढा प्रेक्षक लाभतो तेवढा अन्यत्र क्वचितच लाभत असेल. प्रश्न क्रीडांगणावरचा दिसतो, पण उत्तर इतिहासात शोधावे लागते. कारण मुलींच्या खेळात ही जागाच सुमारे ऐंशी वर्षे नव्हती. ती उत्पन्न होऊ नये असे नियमच होते.

डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड गावी वाय. एम. सी. ए.च्या शिक्षणसंस्थेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हा खेळ रचला. कडाक्याच्या हिवाळ्यात बाहेर खेळता येत नाही आणि व्यायामशाळेतील त्याच त्या कवायतींना मुले कंटाळतात, ही त्याची अडचण होती. पीचची फळे ठेवावयाच्या दोन टोपल्या त्याने सज्जाच्या कठड्याला ठोकल्या, १३ नियम लिहिले आणि मुलांच्या हाती फुटबॉल दिला. चेंडू घेऊन धावावयाचे नाही, हा त्यांतील मुख्य नियम होता. १८९२ च्या जानेवारीत संस्थेच्या पत्रात हे नियम छापून आले, आणि जवळच नॉर्थॅम्प्टन येथे मुलींचे स्मिथ कॉलेज आहे, तेथील व्यायामशिक्षिका सेंडा बेरेन्सनबाई यांच्या ते वाचनात आले.

बेरेन्सनबाईंविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्यांचा जन्म १८६८ चा, लिथुएनियातील एका ज्यू घराण्यातला. लहानपणीच त्या कुटुंबासह अमेरिकेस आल्या. कलासमीक्षक म्हणून पुढे विख्यात झालेले बर्नार्ड बेरेन्सन हे त्यांचे बंधू. स्वतःची प्रकृती नाजूक म्हणून त्या व्यायामाकडे वळल्या आणि त्यातच रमल्या. कॉलेजच्या मुलींना एकत्र, संघ करून खेळावयास लावणारा खेळ तोवर क्वचितच होता. तो त्यांना नेस्मिथच्या टोपल्यांत सापडला. १८९३ च्या मार्च महिन्यात पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा सामना झाला. पुरुषांना आत मज्जाव होता. आरंभालाच बाईंनी चेंडू वर उडविला, तो उडवताना त्यांचा हात एका मुलीच्या उंचावलेल्या हातावर आदळला आणि तिचा खांदा निखळला! तिला बाजूला नेऊन खेळ पुढे चालू झाला.

मुलींचे उत्साहाने लालबुंद झालेले चेहरे पाहून बाईंना आनंद झाला तसा धाकही वाटला. त्या काळचे वैद्य स्त्रियांच्या हृदयाविषयी आणि मज्जातंतूंविषयी जी भाकिते करीत त्यांचे दडपण त्यांच्यावर होतेच. शिवाय खेळात आडदांडपणा शिरेल आणि एखादी धट्टीकट्टी मुलगी साऱ्या खेळाचा ताबा घेऊन बाकीच्यांना प्रेक्षक करून सोडील, ही भीतीही होती. म्हणून त्यांनी मैदानाचे आडवे तीन भाग केले. जी ज्या भागात उभी, तिने तेथेच राहावयाचे. रेघ ओलांडावयाची नाही. दुसरीच्या हातून चेंडू हिसकावून घ्यावयाचा नाही, तीन सेकंदांहून अधिक वेळ तो हातात ठेवावयाचा नाही आणि जमिनीवर आपटावयाचा झाला तर तीन वेळांपेक्षा अधिक नाही.

या रेघेमागील हेतू निखालस चांगला होता, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. एकीची मिरासदारी मोडून सर्वांनी मिळून खेळावे, हाच बाईंचा उद्देश होता. परंतु परिणाम काय झाला पाहा. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चेंडू नेणे कोणालाच शक्य उरले नाही; संपूर्ण खेळ एका दृष्टीत घेण्याचे कारण कोणालाच उरले नाही. प्रत्येकीने आपल्या वाट्याच्या तुकड्यात, आपल्या वाट्याच्या तीन सेकंदांत काय ते करावयाचे. सहकार्यासाठी घातलेल्या त्या रेघेने सहकार्याची आखणी करणारी व्यक्तीच नाहीशी केली.

खो-खो खेळलेल्या श्रोत्यांना यात ओळखीचे काही वाटेल. तेथेही पाठलाग करणाऱ्या गड्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही. खांबाला वळसा घातला तरच दुसऱ्या बाजूस जाता येते. परंतु खो-खोने बंधनाबरोबर एक तोडही दिली आहे. आपल्याला जाता येत नसेल तर पलीकडे तोंड करून बसलेल्या गड्याला खो द्यावा. कोणाला द्यावा आणि नेमका कोणत्या क्षणी द्यावा, एवढ्यावर डाव अवलंबून असतो. उत्तम खो देणाऱ्या मुलीच्या ठिकाणी जी नजर असते, तीच पॉइंट गार्डच्या ठिकाणी लागते. फरक एवढाच की खो देऊन ती मुलगी खाली बसते, आणि पास देऊन पॉइंट गार्डचे दुसरे काम सुरू होते.

दोन कॉलेजांमधील मुलींचा पहिला सामना ४ एप्रिल १८९६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. बाजूला नऊ नऊ मुली, प्रेक्षागारात सर्व स्त्रिया. स्टॅनफर्डने कॅलिफोर्निया विद्यापीठाचा २-१ असा पराभव केला. त्याच स्टॅनफर्डने तीन वर्षांनी, १८९९ मध्ये, मुलींनी बाहेरच्या कॉलेजांशी सामने खेळू नयेत असे ठरविले. पुढील कित्येक दशके हेच चालले. व्यायाम हवा, चुरस नको. खेळ हवा, प्रेक्षक नकोत, असे मुलींच्या शिक्षिकांचे मत दृढ होत गेले. १९३८ मध्ये तीन भागांचे दोन झाले. बाजूला सहा मुली. तिघींनी एका अर्ध्यात राहून गुण करावयाचे, तिघींनी दुसऱ्या अर्ध्यात राहून केवळ अडवावयाचे. मधली रेघ मात्र राहिलीच.

हा सहा जणींचा खेळ जितका आयोवा राज्यात रुजला तितका क्वचितच कोठे रुजला असेल. आयोवा म्हणजे मक्याच्या शेतांचा आणि लहान गावांचा प्रदेश. तेथे शाळेतील मुलींची राज्यस्पर्धा १९२० पासून भरत असे, आणि इतर राज्यांत मुलींचे सामने बंद पडत असताना येथे साऱ्या गावाने दुकाने बंद करून राजधानी दे मॉईन येथे अंतिम सामना पाहावयास जावे, अशी हौस होती. त्या खेळाची आज कोणी टवाळी करील तर ते योग्य होणार नाही. जेथे इतरत्र काहीच नव्हते तेथे आयोवाने हजारो मुलींना चेंडू दिला, गणवेश दिला आणि गावाची शाबासकी दिली. तथापि अडविणाऱ्या तिघींकडे पाहिले म्हणजे मन थबकते. शाळेची सारी वर्षे खेळून त्यांतील एखादीने सामन्यात एकदाही टोपलीकडे चेंडू फेकलेला नसे. पुढे कॉलेजे पाच जणींचा खेळ खेळू लागली तेव्हा या मुलींजवळ दाखवावयास अर्धाच खेळ होता. आयोवातील शाळांमधील ती रेघ अखेर १९९३ मध्ये पुसली गेली. हे साल ध्यानात असू द्यावे.

कॉलेजांमध्ये ती त्याआधीच पुसट होऊ लागली होती. १९६२ मध्ये बाजूच्या दोघींना सर्वत्र फिरण्याची मुभा मिळाली, १९६६ मध्ये चेंडू हवा तितका वेळ आपटीत नेण्याची. आणि १९७१ मध्ये पाच जणी, पूर्ण मैदान, असा नियम झाला. ३० सेकंदांच्या आत टोपलीकडे चेंडू फेकलाच पाहिजे असे बंधनही त्याच सुमारास आले. पुरुषांच्या कॉलेज-खेळात असे घड्याळ १९८५ पर्यंत नव्हते. म्हणजे मुलींची सूत्रधारीण जन्मास आली ती हातात घड्याळ घेऊनच. पुढल्या वर्षी, १९७२ मध्ये, सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही असा कायदा झाला. त्याच्या नवव्या कलमाची ख्याती आता आपल्याकडेही पोचली आहे.

त्याच वर्षी मुलींच्या कॉलेजांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. ती जिंकली इमॅक्युलाटा नावाच्या, फिलाडेल्फियाजवळच्या, जोगिणींनी चालविलेल्या एका लहानशा कॉलेजाने. त्यांची व्यायामशाळा काही वर्षांपूर्वी आगीत जळून गेली होती. १६ संघांत त्यांचे मानांकन १५ वे. वेस्ट चेस्टरच्या ज्या संघाने थोड्याच दिवसांपूर्वी त्यांना ३२ गुणांनी हरविले होते, त्याच संघाला त्यांनी अंतिम सामन्यात ५२-४८ असे नमविले. १९७३ आणि १९७४ मध्येही तेच अजिंक्य ठरले. त्या दोन वर्षांच्या संघात मेरिॲन क्रॉफर्ड ही पॉइंट गार्ड होती. लग्नानंतर स्टॅनली या नावाने ती ओल्ड डोमिनियन विद्यापीठाची प्रशिक्षिका झाली आणि १९७९ व १९८० मध्ये तिच्या संघाने अजिंक्यपद मिळविले. त्या संघाची सूत्रधारीण नॅन्सी लीबरमन. न्यूयॉर्कच्या एका टोकाला राहणारी ही मुलगी भुयारी रेल्वेने हार्लेमपर्यंत जाऊन तेथील मुलांबरोबर खेळत असे. मुलींच्या खेळाने जे अंगण नुकते कोठे मोकळे केले होते ते तिला मुलांच्या मैदानावर आधीच मिळाले होते. मैदान कोणते मिळाले यावर खेळाडू किती घडते, हे यावरून कळावे.

आता गुणांकडे वळू. उंची हा गुण नव्हे, हे प्रथम सांगितले पाहिजे. आपल्याकडे बास्केटबॉल म्हटले की पालक मुलीच्या उंचीकडे पाहतात आणि बेताच्या उंचीची मुलगी असली की तिचा विचारच सोडून देतात. पुण्याची शिरीन लिमये भारतीय संघाची कर्णधार झाली, तिच्या पिढीच्या संघाने २०१७ मध्ये बंगळूर येथे आशियाई चषकाच्या दुय्यम गटात कझाकस्तानचा पराभव करून वरच्या गटात प्रवेश मिळविला, तरीही हा समज हटलेला नाही. लुईझियाना टेकच्या १९८१ व १९८२ च्या अजिंक्य संघाची सूत्रधारीण किम मल्की पाच फूट चार इंच उंच होती. पेन स्टेटची सूझी मॅकॉनेल तिच्याहून इंचभरच उंच. हिने १९८४ ते १९८८ या चार वर्षांत १३०७ साहाय्ये केली. साहाय्य म्हणजे जो पास हाती येताच सहकारी खेळाडूने गुण केला तो पास. सामन्यानंतरच्या हिशेबात पॉइंट गार्डचे पुण्य जमा होते ते याच रकान्यात.

परंतु सगळे पुण्य त्या रकान्यात मावत नाही. जी मुलगी पास देते ती चेंडूकडे पाहून देत नाही. चेंडू हातात आहे हे तिच्या हाताला कळते आणि डोळे मोकळे राहतात. सहकारी खेळाडू आत्ता कोठे आहे यापेक्षा एका क्षणानंतर ती कोठे असेल हे तिला दिसावे लागते. कोणाला चेंडू छातीशी आवडतो, कोणाला जमिनीवर एक टप्पा देऊन; दोन वेळा चुकलेल्या मुलीचा धीर खचू नये म्हणून तिसऱ्यांदा तिलाच कधी द्यावा आणि कधी चुकूनही देऊ नये, हे तिने सरावाच्या तासांत टिपून ठेवलेले असते. वेग हा तिचा गुण खरा, परंतु एकसारखा वेग निरुपयोगी आहे. संथपणातून एकाएकी उसळणाऱ्या वेगाने समोरची चकते. ख्याल गाणाऱ्याला लय वाढविता येणे पुरत नाही, ती अडवून धरता यावी लागते, तद्वतच हे. आणि घड्याळाचे शेवटचे सेकंद उरले असता चेंडू दुसरीला द्यावा की आपणच टोपलीकडे न्यावा, हा निर्णय तिला कोणास विचारून घेता येत नाही. नेमका हाच निर्णय ती जुनी रेघ मुलींच्या हातून काढून घेत होती. मुलींना धावता येणार नाही असे म्हणणे सोपे होते. त्यांना ठरविता येणार नाही, असे कोणी उघड म्हटले नाही, पण नियमांचा अर्थ तोच निघत होता.

या साऱ्या गुणांची मूर्ती पाहावयाची असेल तर डॉन स्टेलीकडे पाहावे. तिचा जन्म १९७० चा, फिलाडेल्फियाच्या उत्तर भागातील गरिबांच्या सरकारी वसाहतीतला. तीही मुलांतच खेळून तयार झाली. व्हर्जिनिया विद्यापीठातील चार वर्षांत, १९९० ते १९९२ असे लागोपाठ तीनदा, तिने आपला संघ अखेरच्या चार संघांत नेला. १९९१ चा अंतिम सामना जादा वेळेत गेला आणि टेनेसीने तो ७०-६७ असा जिंकला. तरी स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान परीक्षकांनी पराभूत संघातील स्टेलीलाच दिला. कॉलेजचे अजिंक्यपद तिला खेळाडू म्हणून एकदाही लाभले नाही. १९९६, २००० आणि २००४ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके मिळाली, अथेन्सला राष्ट्रध्वज हाती मिळाला, पण ते एक राहिले. पुढे ती साउथ कॅरोलायना विद्यापीठाची प्रशिक्षिका झाली आणि २०१७, २०२२ व २०२४ अशी तीन वेळा ते पद तिने दुसऱ्यांच्या हातून मिळविले. पॉइंट गार्ड खेळणे थांबविते, पण ठरविणे थांबवीत नाही. मल्कीबाईंचेही तसेच. बेलर विद्यापीठाला तीनदा आणि लुईझियाना स्टेटला २०२३ मध्ये त्यांनी अजिंक्य केले.

आता ते १९९३ साल आठवावे. आयोवातील रेघ पुसल्यानंतर नवव्या वर्षी, २००२ मध्ये, त्याच दे मॉईन शहरी केटलिन क्लार्क हिचा जन्म झाला. तिची प्रशिक्षिका लिसा ब्लूडर हीही आयोवाचीच, आणि ब्लूडरबाईंच्या शाळेच्या दिवसांत तेथे सहा जणींचाच खेळ चाले. अर्ध्या मैदानात वाढलेल्या बाईंच्या हाताखाली ही मुलगी पूर्ण मैदानभर खेळली. इतकी, की मधल्या रेघेच्या जरासे पुढे येताच ती टोपलीकडे चेंडू फेकी आणि तो आत पडे. २०२४ पर्यंतच्या चार वर्षांत तिने ३९५१ गुण केले. पहिल्या श्रेणीच्या कॉलेज-खेळात स्त्री अथवा पुरुष कोणीही तोवर इतके केले नव्हते. ती केवळ गुण करणारी आहे, सूत्रधारीण नव्हे, असा आक्षेप अनेकांनी घेतला. मला तो पटत नाही. तिची साहाय्ये ११४४ आहेत. तिच्या दूरच्या फेकीच्या धास्तीने दोघी दोघी तिच्या अंगावर धावून येत, आणि त्यामुळे उघड्या पडलेल्या सहकारी मुलीकडे चेंडू त्याच क्षणी जाई. २०२३ मध्ये लुईव्हिलविरुद्ध एकाच सामन्यात तिचे ४१ गुण आणि १२ साहाय्ये आहेत. मॅकॉनेलचा १३०७ चा आकडा मात्र तिलाही गाठता आला नाही.

२०२३ च्या उपांत्य सामन्यात आयोवाची गाठ स्टेलीबाईंच्या संघाशी पडली. साउथ कॅरोलायनाच्या रेव्हन जॉन्सन या मुलीच्या हाती दूर अंतरावर चेंडू आला असता क्लार्कने तिला अडविण्याचे कष्टही घेतले नाहीत. फेक खुशाल, अशा अर्थाने हात झटकला आणि ती मागे सरली. साऱ्या देशाने ते दृश्य पाहिले. सामना आयोवाने ७७-७३ असा जिंकला, परंतु अंतिम सामन्यात मल्कीबाईंच्या संघाने त्यांना १०२-८५ असे हरविले. जॉन्सन स्वतः पॉइंट गार्डच. त्या झटकलेल्या हाताने ती किती दुखावली हे तिने पुढे उघडपणे सांगितले आहे, आणि वर्षभर दूरच्या फेकीचा सराव करून ती परत आली.

७ एप्रिल २०२४ रोजी क्लीव्हलंड येथे अंतिम सामन्यात हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. दूरचित्रवाणीवर १ कोटी ८० लाखांहून अधिक लोकांनी तो पाहिला. त्या वर्षी पुरुषांच्या अंतिम सामन्याला त्याहून कमी प्रेक्षक लाभले. पहिल्या दहा मिनिटांतच क्लार्कने १८ गुण करून टाकले. स्टेलीबाईंनी घाई केली नाही. त्यांनी जॉन्सनला क्लार्कच्या मागे लावले आणि राखीव खेळाडूंना आळीपाळीने आत पाठविले. त्या राखीव मुलींनी ३७ गुण केले, आयोवाच्या राखीव मुलींनी एकही नाही. मध्यंतराला थोडे सेकंद उरले असता, चेंडू आपटीत उभ्या असलेल्या क्लार्कच्या हातून जॉन्सनने तो काढून घेतला आणि मोकळ्या मैदानातून ती एकटीच टोपलीपर्यंत धावत गेली. क्लार्कचे एकूण ३० गुण झाले. सामना साउथ कॅरोलायनाने ८७-७५ असा जिंकला.